आधी भीती वाचावी

१९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर रस्त्याचे काम निघाले होते आणि आई आणि आजी दोघी तिथे खडी फोडायला जात. दिवस मावळला की वस्तीत कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. मध्ये कंदील, भोवती गोणपाट, टाळांवर दोन भजने, आणि मग वडीलधारे कुणीतरी विचारी, “विनंत्या सांगा.” प्रत्येकाने आपली काळजी मोठ्याने सांगायची. एकीचा नवरा मुंबईला गेला होता, दोन महिने पत्र नव्हते. एकाची गाय उठत नव्हती. आजीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “घरातलं पीठ शनवारपतुर पुरंल. म्होरलं ठाव न्हाई. भ्या वाटतंय.”

आमच्याकडे रीत अशी होती की, आपल्या विनंतीसाठी आपण प्रार्थना करायची नाही. शेजारी बसलेल्याने करायची. त्या रात्री आजीच्या शेजारी पलीकडच्या घरच्या मावशी होत्या. बांधाच्या भांडणावरून दिवाळीपासून दोघींचे बोलणे बंद होते. मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि आजीच्या पिठाबद्दल देवाशी बोलायला सुरुवात केली. आवाज घोगरा झाला होता एवढे मला आठवते.

पुढे शिक्षणाच्या आणि अध्यापनाच्या निमित्ताने मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास करू लागले आणि त्या रात्रीचा अर्थ मला पुस्तकांमधून पुन्हा पुन्हा भेटत गेला. या विषयाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहिताना एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. संकटात विश्वासाने तरलेल्या माणसाची साक्ष वाचायला घ्याल तेव्हा आधी त्याची भीती वाचा. ती कशाची होती, कुणी निर्माण केली होती, शरीरात कुठे बसली होती, आणि ती ऐकायला जवळ कोण होते, हे पाहा. भीती नीट वाचल्याशिवाय विश्वास समजत नाही. तो नुसता उपदेश वाटू लागतो, आणि भ्यालेल्या माणसाला उपदेशाचा उपयोग फार थोडा असतो.

आपल्या भाषेत भयासाठी शब्दांना तोटा नाही. भीती, धास्ती, धाक, दरारा, दहशत, धसका, घोर, काळजी; यांतला एक काढून दुसरा घालता येत नाही. सावकाराचा धाक असतो, तापाने फणफणलेल्या लेकराचा घोर लागतो, आणि धसका घेतला की माणूस खंगतो. भ्यालेला मराठी माणूस बोलतोही शरीराच्या भाषेत: पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात. याच भाषेत ‘देवभीरू’ आणि ‘पापभीरू’ हे शब्द कौतुकाचे आहेत. म्हणजे सगळीच भीती टाकून द्यायची नसते, हे आपल्या बोलण्याला आधीपासून ठाऊक आहे. हिब्रू ‘यिरा’ या शब्दातही भय आणि आदर एकत्र नांदतात, म्हणून जुन्या करारातले ‘परमेश्वराचे भय’ मराठी वाचकाला तितकेसे परके वाटत नाही.

‘विश्वास’ हा शब्द तर मुळातून पाहण्यासारखा आहे. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागून मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे असा अर्थ झाला. माणूस घाबरला की त्याचा श्वास अडकतो. विश्वास ठेवतो तेव्हा तो सुटतो. गोव्यात आणखी वेगळा शब्द रुजला. तिथले ख्रिस्ती लोक विश्वासाला ‘भावार्थ’ म्हणतात आणि आशेला ‘भरवांसो’. ज्ञानेश्वरीच्या ‘भावार्थदीपिका’ या नावातून आपल्या ओळखीचा असलेला शब्द तिथे श्रद्धेचे नाव होऊन बसला. या प्रांतात शब्दकोशही धर्मशास्त्राइतकाच जवळ ठेवावा लागतो.

मूळ ग्रंथाकडे वळले तरी तिथे भीती लपवलेली नाही. मार्ककृत शुभवर्तमानातली वादळाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तारू बुडायला आलेले, शिष्यांची गाळण उडालेली आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. ग्रीक मजकुरात इथे दोन वेगळे शब्द आहेत. वादळात शिष्य ‘देइलॉस’ झाले आहेत, म्हणजे धीर सुटून भित्रे झाले आहेत. वारा पडल्यानंतर त्यांना ‘फोबॉस’ वाटतो, आणि तोही मोठा. संकट टळल्यावर भीती संपत नाही. तिची जात बदलते. याच शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत शेवटचे वाक्य रिकामी कबर पाहून पळालेल्या, घाबरून कुणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांचे आहे. पुनरुत्थानाची वार्ता प्रथम हाती आली ती भ्यालेल्या बायकांच्या. गेथशेमाने बागेत तर येशू स्वतः व्याकूळ होतो आणि सोबत्यांना जागे राहायला सांगतो. त्या रात्री त्याने देवापाशी प्रार्थना केलीच, पण जवळ माणसे असावीत हेही मागितले. ही दुसरी मागणी अभ्यासकांच्या नजरेतून निसटू नये.

मराठीतला या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी भागात राहून त्यांनी इथली भाषा आत्मसात केली. १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापल्या गेलेल्या या पुराणात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. नवख्रिस्ती लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे गेली होती; रित्या झालेल्या कानांना ओवीचा नाद परत मिळाला. पण हा ग्रंथ ज्या गोव्यात जन्मला, तिथे १५६० पासून इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मचौकशीचे, न्यायासन बसले होते आणि ते कायमचे उठले १८१२ साली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, त्याआधी आसपासची देवळे पाडली गेली होती आणि नंतर गावाला जबर शिक्षा झाली. भय दोन्ही बाजूंना होते, आणि त्यातले बरेचसे सत्तेच्या जोरावर ख्रिस्ताच्या नावाने पसरवले गेले होते. हे मी ख्रिस्ती स्त्री म्हणून, दुखऱ्या मनाने आणि स्पष्टपणे लिहिते. जी श्रद्धा दुसऱ्याला भिववते तिने भय जिंकले असे म्हणता येत नाही. ओवीतला दिलासा खरा आहे आणि भोवतालची दहशतही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी नजरेसमोर ठेवण्याची सवय या अभ्यासात लावून घ्यावी लागते.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटते. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले आणि १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. आता आपल्या धर्मांतराविषयी लिहिणारा माणूस सुशिक्षित, एकटा आणि बहुधा तरुण असे. त्याला तुरुंगाचे भय नव्हते, घर तुटण्याचे होते. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्रात आईवडिलांचे दुःख आणि जातीबाहेर पडण्याचा घोर जागोजाग जाणवतो. त्यांच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत हेच भय विधवांच्या वाट्याला आलेले दिसते. केशवपनाचे भय, घरातल्याच माणसांचे भय, उद्याचे भय. मराठी कादंबरीच्या अगदी आरंभीच भ्यालेल्या बाईला बोलण्यासाठी जागा मिळाली, हे या परंपरेचे मोठे देणे आहे.

भीतीचा सर्वांत बारीक अभ्यास मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी केला आहे, आणि तोही अभ्यासाचा आव न आणता. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ त्यांच्या माहेरच्या सोवळ्यापासून होतो. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्याचा धसका घेऊन लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचे असे काही वेड घेतले की, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. हे प्रकरण वाचताना आपण हसतो. मग लक्षात येते की आपण एका भ्यालेल्या माणसाकडे पाहत आहोत. जे घडले ते त्याला पुसता येत नाही, म्हणून तो धान्य धूत बसला आहे. त्या घरात वाढलेली ही मुलगी पुढे विटाळाची कल्पना टाकून देते. तिच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तिने १९०० साली. मधली वर्षे ताटातुटीची, अपमानाची आणि स्वतःशी चाललेल्या वादाची आहेत. विजेसारखा एखादा क्षण येऊन तिचे भय गेले असे ती कुठेही सांगत नाही. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे हा प्रश्न तिने रोजच्या जगण्यात थोडा थोडा सोडवला. पुढे प्लेगच्या साथीत ती आजाऱ्यांची शुश्रूषा करते. स्पर्शाच्या भयाने ग्रासलेल्या बापाची लेक, जिथे स्पर्श खरोखरच जिवावर बेतू शकतो तिथे जाऊन बसते. हे अंतर ज्याने नीट मोजले, त्याला या विषयाचे मर्म सापडले असे मी म्हणेन.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी खडतर आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावलेली ही मुलगी भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून या भावंडांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत सांगितले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथेच दुर्दैवी अंत झाला. आपल्याला बळाने ख्रिस्ती केले जाईल या भयाने त्यांचे मन पोखरले होते, अशी नोंद मॅक्सम्युलर यांनी केली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. एकाच घरात राहणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीला जी श्रद्धा आसरा वाटली, तिचेच दुसरीला टोकाचे भय वाटले. या घटनेवरून घाईने पुढे जाणारा अभ्यासक रमाबाईंवरही अन्याय करतो.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. तीनशे मुलींना आसरा देण्याचा त्यांचा संकल्प होता. पुण्यात प्लेग होता आणि शहरात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून केडगावच्या शेतात छपरे उभी राहिली आणि तिथे ‘मुक्ती सदन’ आकाराला आले. १८९७ मध्येच प्लेगच्या इस्पितळातल्या गैरव्यवस्थेबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून थेट सरकारला जाब विचारला. मला यात वाळूतल्या त्या खड्ड्याची आठवण काम करताना दिसते. भूक कशी असते हे ज्या देहाला ठाऊक होते, तो देह दुसऱ्याची भूक पाहून घरात बसू शकला नाही. रमाबाईंचे भय नाहीसे झाले नव्हते. त्याला काम मिळाले होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या होत्या.

इथे एक शंका रास्त आहे. विश्वास म्हणजे संकट अंगावर ओढून घेणे का? याचे उत्तर परंपरेने फार पूर्वी दिले आहे. १५२७ साली विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथर यांनी ब्रेस्लाऊच्या योहान हेस या पाळकाला सविस्तर पत्र लिहिले. जीव वाचवायला पळणे हे पाप नाही, असे ते सांगतात. पण ज्याच्यावर कुणी विसंबून आहे त्याने जागा सोडू नये. पाळक, अधिकारी, चाकर, शेजारी, सगळ्यांना हा नियम लागू. औषध घ्यावे, घराला धूप द्यावा, गरज नसेल तिथे जाऊ नये, उगीच रोग पसरवू नये, असेही ते बजावतात. २०२० मध्ये आपल्याकडची मंदिरे, मशिदी आणि चर्च बंद झाली तेव्हा या जुन्या पत्राची जगभर आठवण निघाली. भयावरची मात आणि बेफिकिरी यांतला फरक त्यात एका प्रश्नावर ठरतो: तुझ्यावर कोण अवलंबून आहे?

इथवर आलेली नावे लिहिणाऱ्यांची आहेत. नगर, जालना, सोलापूर या भागांतली बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार आणि मांग समाजांतून आली. त्यांच्या भीतीला आत्मचरित्र मिळाले नाही. गावाने वाळीत टाकण्याची धास्ती, बलुते बुडण्याची धास्ती, विहिरीवर पाणी मिळेल की नाही याचा रोजचा घोर. हे सारे आपल्याला मिशनच्या अहवालांत, ‘ज्ञानोदया’तल्या पत्रांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात शोधावे लागते. अहवाल लिहिणारा मिशनरी असे, म्हणून त्यातले ‘ते निर्भय झाले’ हे वाक्य तसेच्या तसे घेऊ नये. त्याचबरोबर ‘दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला’ हा शेराही तसाच घेऊ नये. उपाशी माणसाला जिथे भाकरी मिळाली तिथेच पहिल्यांदा कुणी ‘बस’ म्हणून जवळ बसवले असेल, तर त्याने पोट आणि मान यांची वेगवेगळी मोजणी करावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना लागू राहिल्या नाहीत, आणि त्यातून आलेली असुरक्षितता आजही अनेक घरांत मुक्कामाला आहे. या घरांतल्या साक्षी लिहून घेण्याचे काम फार मोठे आहे आणि माणसे वयाने थकत चालली आहेत. नव्या अभ्यासकाला मी पहिली विनवणी हीच करेन: वही घेऊन तिथे जा.

गाण्याकडेही लक्ष असू द्यावे. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाचे वळण ख्रिस्ती उपासनेत आणले; कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक आमच्या घरांत बायबलाच्या शेजारी असते, आणि जिथे अक्षरओळख नव्हती तिथे ते पाठ असे. भ्यालेल्या माणसाला लांब वाक्य सुचत नाही. पाठ असलेले ध्रुवपद मात्र ओठांवर येते, आणि गाताना श्वास आपोआप लांब होतो. ‘विश्वास’ शब्दाची व्युत्पत्ती मला व्याकरणाच्या पुस्तकात कळली, पण तिचा अनुभव त्याच्या कितीतरी आधी, टाळांच्या ठेक्यावर आला होता.

आपल्या काळातले एक उदाहरण घेते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी बलाढ्य लोकांशी झुंज दिली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूची निवड झाली म्हणून विरोधाचे सूर उठले होते, आणि तब्येतही साथ देत नव्हती. ते गेले, बोलले, आणि मराठी माणूस म्हणून बोलले. विश्वासाची परीक्षा प्रत्येक वेळी उपाशी पोटी किंवा मरणाच्या दारातच होते असे नाही. आपल्याच भाषेच्या घरात ‘तू इथला नाहीस’ हे ऐकू येईल की काय, या भीतीतून उठून उंबरठा ओलांडणे हीदेखील तीच परीक्षा आहे.

या विषयाच्या दारात उभ्या असलेल्या वाचकाने आपण ख्रिस्ती नाही म्हणून संकोचू नये. रमाबाई आणि लक्ष्मीबाई साऱ्या मराठीच्या आहेत, आणि भय तर कुणा एका धर्माचे नाही. जो श्रद्धावान आहे त्याला एवढेच सांगेन की, आपल्या पूर्वजांना शूर ठरवण्याची घाई करू नका. ते भ्याले होते हे मान्य केल्याने त्यांची उंची कमी होत नाही. जो श्रद्धावान नाही त्याला सांगेन की, साक्षीमधला देव क्षणभर बाजूला ठेवून वाचलीत तरी चालेल, पण शेजारी कोण बसले होते हे पाहायला विसरू नका. आणि जो स्वतः आज घोरात आहे, ज्याने अभ्यासासाठी नव्हे तर आधारासाठी हे पान उघडले आहे, त्याचे इथे सर्वांत आधी स्वागत आहे. त्याला मी सिद्धान्त सांगत नाही. आजीच्या पिठाचे पुढे काय झाले ते सांगते.

पीठ शनिवारी संपले. रस्त्याच्या कामाची मजुरी सोमवारी मिळाली. मधल्या रविवारी सकाळी मावशी बांध ओलांडून आल्या आणि त्यांनी उंबऱ्यावर मिलो ज्वारीने भरलेली पायली ठेवली. दोघी काही बोलल्या नाहीत. आजीने जाते मांडले, मावशी समोर बसल्या, आणि खुंट्याला दोघींचे हात लागले.